अमेरिकेत कॉलेज रिक्रूटिंग: खेळणाऱ्या मुलामुलींच्या मराठी आईबाबांचे नेहमीचे प्रश्न

कॉलेज रिक्रूटिंग म्हणजे कॉलेजच्या खेळाच्या टीमसाठी कोचने हायस्कूलमधली मुलं निवडणं. त्याबद्दल मराठी मंडळाच्या गणपतीत, स्विम मीटच्या बाकड्यांवर किंवा टेनिस स्पर्धेच्या पार्किंग लॉटमध्ये एकमेकांना विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरं अमेरिकेत राहणाऱ्या कुटुंबांसाठी आहेत. भारतातून मुलांना पाठवू पाहणाऱ्यांसाठी शेवटाकडे वेगळे प्रश्न आहेत. २०२४ आणि २०२५ मध्ये नियम बरेच बदलले, त्यामुळे चार वर्षांपूर्वी ज्यांची मुलं यातून गेली त्यांचा सल्ला ऐकताना तारखा आणि आकडे पुन्हा तपासून घ्या.

मुलगी नववीत आहे. आत्तापासून काही करायचं का?

दोन गोष्टी, त्याही खेळापेक्षा अभ्यासाच्या. पहिली म्हणजे शाळेच्या काउन्सेलरकडून एनसीएएच्या (कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या) मान्यताप्राप्त कोर्सेसची यादी घ्या. प्रत्येक हायस्कूलची अशी यादी असते, आणि तुमच्या शाळेतला प्रत्येक विषय तिच्यात असेलच असं नाही. दुसरी गोष्ट, नववीचे मार्क मोजले जातात. "दहावीपासून सिरियसली घेऊ" ही आपल्याकडची जुनी सवय इथे महागात पडते.

खेळाचं म्हणाल, तर तिला खेळू द्या. काही खेळांत मुलं दहावीपर्यंत इतकी बदलतात की नववीत कोणाला काही ठामपणे सांगता येत नाही. उंची वाढते, खांदा दुखायला लागतो, कोणाचा रसच संपतो.

डिव्हिजन वन, टू, थ्री म्हणजे पहिला, दुसरा, तिसरा वर्ग का?

हा गैरसमज आपल्या घरांत सर्वांत घट्ट बसलेला आहे. एनसीएए या संस्थेत सुमारे ११०० कॉलेजं आहेत आणि ती तीन डिव्हिजनमध्ये वाटलेली आहेत. वाटणी मुख्यतः कॉलेज खेळावर किती आणि कसा पैसा खर्च करतं यावरून होते. डिव्हिजन वन आणि टूमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप देता येते. डिव्हिजन थ्रीमध्ये ती देताच येत नाही, तिथे मदत मिळते ती गरजेनुसार किंवा गुणवत्तेनुसार.

आता डिव्हिजन थ्रीमधली काही नावं वाचा: एमआयटी, कॅलटेक, युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो, कार्नेगी मेलन, एमरी, वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी इन सेंट लुइस, विल्यम्स, ॲमहर्स्ट. "थ्री आहे, मग नको" म्हणणाऱ्या बाबांना ही यादी दाखवली की ते थोडा वेळ गप्प होतात.

खेळाचा दर्जाही डिव्हिजनच्या क्रमाने सरळ उतरत जात नाही. डिव्हिजन थ्रीमधल्या वरच्या टेनिस किंवा स्विमिंग टीम डिव्हिजन वनमधल्या तळाच्या कित्येक टीमना सहज हरवतील. एनसीएएच्या बाहेर एनएआयए ही वेगळी संघटना आहे, तिची कॉलेजं बहुतेक लहान आणि खासगी असतात आणि स्कॉलरशिप देतात. दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांची एनजेसीएए आहे. आपल्याकडे या दोन्हींचं नावही निघत नाही, पण ज्याला आणखी दोन वर्षं खेळ सुधारायला हवीत, त्याच्यासाठी कम्युनिटी कॉलेजचा रस्ता चांगला आहे.

पण खरंच किती मुलांना जमतं?

एनसीएएचाच हिशेब आहे: हायस्कूलमध्ये खेळणाऱ्यांपैकी सुमारे ७ टक्के मुलं एनसीएएच्या कुठल्या ना कुठल्या डिव्हिजनमध्ये खेळतात. डिव्हिजन वनमध्ये जेमतेम २ टक्के. खेळानुसार हे प्रमाण खूप बदलतं. तुमच्या मुलाच्या खेळाचा आकडा एनसीएएच्या संकेतस्थळावर मिळतो, तो आधी बघा आणि मग प्रायव्हेट कोचिंगचं बजेट ठरवा.

फुल स्कॉलरशिप मिळेल ना?

बहुधा नाही. कुठलं कॉलेज किती देतं हे आता पूर्वीपेक्षा जास्त गुंतागुंतीचं झालं आहे.

पूर्वी प्रत्येक खेळाला स्कॉलरशिपची कमाल मर्यादा होती. डिव्हिजन वनच्या पुरुषांच्या टेनिसला संपूर्ण टीममध्ये मिळून साडेचार, बेसबॉलला ११.७, पुरुषांच्या स्विमिंगला ९.९. कोच त्या वाटून द्यायचा, म्हणून कोणाला ४० टक्के, कोणाला नुसती पुस्तकं. जून २०२५ मध्ये खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या खटल्यातला, 'हाउस' नावाने ओळखला जाणारा समझोता कोर्टाने मंजूर केला आणि १ जुलै २०२५ पासून तो लागू झाला. तो स्वीकारणाऱ्या कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. त्यांच्यासाठी स्कॉलरशिपची मर्यादा गेली आणि तिच्या जागी टीममधल्या एकूण खेळाडूंची मर्यादा आली. टेनिसला १०, गोल्फला ९, बेसबॉलला ३४, सॉकरला २८, फुटबॉलला १०५.

कागदावर पुरुषांच्या टेनिस टीममधल्या दहाही जणांना आता फुल स्कॉलरशिप देता येते. पण ते पैसे येतात त्याच तिजोरीतून जिच्यातून फुटबॉल आणि बास्केटबॉलवाल्यांना द्यायचं असतं. वाटा कोणाकडे जास्त जातो हे सांगायला नको. म्हणून "तुमचं कॉलेज नियमाने किती देऊ शकतं" हा प्रश्न सोडा आणि "तुमच्या टीमला या वर्षी प्रत्यक्षात किती पैसे आहेत" हे विचारा. ज्या कॉलेजांनी समझोता स्वीकारला नाही त्यांना जुन्याच मर्यादा आहेत. आयव्ही लीगने (हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन अशा आठ विद्यापीठांच्या लीगने) तो स्वीकारलेला नाही, आणि तिथे खेळासाठी स्कॉलरशिप मुळातच नसते.

मार्कांवर मिळणारी मेरिट स्कॉलरशिप अनेकदा खेळाच्या स्कॉलरशिपपेक्षा मोठी निघते, आणि ती गुडघ्याच्या ऑपरेशनने जात नाही.

कोचशी कधीपासून बोलता येतं?

तुमच्या मुलाने कोचला ईमेल करायला कधीच बंदी नसते. बंदी आहे ती कोचने उत्तर देण्यावर.

डिव्हिजन वनच्या बहुतेक खेळांत, म्हणजे टेनिस, स्विमिंग, ट्रॅक, सॉकर, गोल्फ, व्हॉलीबॉल यांत, दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपासून कोच फोन, टेक्स्ट आणि ईमेल करू शकतात. ऑफिशियल व्हिजिट (कॉलेजच्या खर्चाने होणारी भेट) अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपासून. सॉफ्टबॉल आणि लॅक्रोसमध्ये अकरावीच्या १ सप्टेंबरची वाट बघावी लागते. फुटबॉल, बास्केटबॉल आणि आइस हॉकीची कॅलेंडरं वेगळी आहेत. डिव्हिजन टूमध्येही १५ जून हीच तारीख. डिव्हिजन थ्रीचे कोच कधीही ईमेल किंवा फोन करू शकतात.

त्या तारखेआधी मुलाने लिहिलेल्या ईमेलला कोचकडून फक्त कॅम्पची जाहिरात किंवा प्रश्नावली येते. त्याने नाराज होऊ नका. खरं कळतं ते १५ जूनच्या आठवड्यात. त्या आठवड्यात कोणी फोन केला आणि कोणी नाही, याची नोंद ठेवा.

ईमेल मी लिहून दिला तर चालेल का? मुलाला वेळच नसतो.

चालणार नाही. कोच वर्षाला शेकड्यांनी ईमेल वाचतात आणि पन्नाशीतल्या इंजिनिअरने लिहिलेला मजकूर त्यांना पहिल्या ओळीत ओळखू येतो. शुद्धलेखन तपासा, यादी करून द्या, आठवण करा. पण लिहायचं आणि फोनवर बोलायचं मुलानेच.

ईमेल छोटा हवा: कुठल्या वर्षी ग्रॅज्युएट होणार, शाळा आणि क्लब, खेळाचा आकडा (स्विमरने वेळा, टेनिसवाल्याने यूटीआर हे रेटिंग, गोल्फरने स्पर्धांमधली सरासरी), जीपीए म्हणजे मार्कांची सरासरी, व्हिडिओची लिंक, पुढच्या तीन-चार स्पर्धांच्या तारखा, आणि त्याच कॉलेजबद्दल एक खरं वाक्य. शेवटचं वाक्य सगळ्यांत अवघड, कारण त्यासाठी त्या कॉलेजबद्दल काहीतरी वाचावं लागतं. विषयाच्या ओळीत नाव, वर्ष आणि आकडा टाका: कोचला तिथेच ठरवता येतं की उघडायचा का.

कोचचं छान उत्तर आलंय. म्हणजे त्यांना आमचा मुलगा हवाय ना?

या प्रश्नाला सर्वांत जास्त जागा देतो, कारण सर्वांत जास्त निराशा इथेच साठते.

अमेरिकन कोच सौजन्याने बोलतात. "तुझी प्रगती बघायला आवडेल", "संपर्कात राहू", "आमच्या कॅम्पला जरूर ये". कांदेपोह्यांच्या कार्यक्रमानंतर मुलाकडचे "कळवतो" म्हणतात, ते आपण सगळे बरोबर समजतो. इथे मात्र इंग्रजीत आणि युनिव्हर्सिटीच्या लोगोखाली आलं की आपण त्याच वाक्याचा अर्थ होकार असा लावतो.

कोच काय बोलतो यापेक्षा तो काय करतो हे बघा. छापील कॅम्पचं आमंत्रण म्हणजे काही नाही, ते हजारो मुलांना जातं. मुलाच्या एखाद्या स्पर्धेचा उल्लेख असलेला वैयक्तिक ईमेल म्हणजे तुमचा मुलगा एका लांबलचक यादीत आहे. कोचने स्वतः फोन केला, पुन्हा केला, तर यादी छोटी झाली आहे. ट्रान्सक्रिप्ट (हायस्कूलची गुणपत्रिका) मागितली म्हणजे तो ॲडमिशन ऑफिसशी बोलायच्या तयारीत आहे. ट्रान्सक्रिप्ट मागितल्याशिवाय कोणी गंभीर नसतं, विशेषतः अभ्यासात कडक असलेल्या कॉलेजांत. कॉलेजच्या खर्चाने ऑफिशियल व्हिजिटला बोलावलं तर तो खराखुरा रस. आणि आकडा असलेली ऑफर म्हणजे ऑफर. आकडा नसलेली नाही.

यादीतलं आपलं स्थान विचारायला लाजू नका. आपल्याकडे मोठ्या माणसाला असं थेट विचारणं उद्धटपणाचं वाटतं. इथे कोच या प्रश्नाची वाटच बघत असतात. मुलाने फोनवर शांतपणे विचारावं: "माझ्या वर्षात तुम्ही किती जण घेणार आहात? त्या यादीत मी कितवा आहे? पुढची पायरी काय आणि कधी?" ज्या कोचला तो हवा आहे तो सरळ सांगेल. जो गोलगोल बोलेल त्याचंही उत्तर मिळालेलंच आहे, पुढच्या कॉलेजकडे वळा.

तीन आठवडे उत्तर नाही तर एक आठवण, नव्या निकालासह. मग आणखी एक. त्यानंतर सोडून द्या.

कॅम्पची आमंत्रणं रोज येतात. सगळीकडे जायचं का?

कॅम्प हे कोचिंग स्टाफच्या उत्पन्नाचं साधन असतं, हे लक्षात ठेवूनच आमंत्रण वाचा. जिथल्या कोचशी आधीच वैयक्तिक बोलणं झालंय, आणि जो म्हणतो "मला तुला प्रत्यक्ष बघायचंय", त्या एक-दोन कॅम्पांना जा. बाकी पैसे विमानाच्या तिकिटांसाठी ठेवा.

रिक्रूटिंग सर्व्हिस घ्यावी का? ते हजारो डॉलर मागतात.

त्या जे करतात त्यातलं बहुतेक (कोचांच्या पत्त्यांची यादी, प्रोफाइल पान, व्हिडिओ कापणं) घरी बसून होतं. कोचांचे ईमेल कॉलेजच्या संकेतस्थळावर उघड असतात. स्विमिंग, ट्रॅक, टेनिस, गोल्फ यांत मुलांचे निकाल आधीच सार्वजनिक असतात आणि कोच तेच बघतात. ज्या घरात दोघंही नोकरीत पिचलेले आहेत आणि खेळाचा गंधही नाही, तिथे एखादा चांगला सल्लागार उपयोगी पडू शकतो. पण "प्लेसमेंट गॅरंटी" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. २०१९ मध्ये उघडकीला आलेल्या 'व्हर्सिटी ब्लूज' प्रकरणात श्रीमंत पालकांनी रिक सिंगर नावाच्या सल्लागाराला पैसे देऊन मुलांना खोटे खेळाडू म्हणून आत घुसवलं. आईबाप तुरुंगात गेले, कोचही गेले.

व्हिडिओ किती लांब हवा?

दोन ते तीन मिनिटं, संगीत नको, पहिल्या वीस सेकंदांत सर्वांत चांगलं. टेनिससाठी थोडे फटके आणि मग न कापलेले पॉइंट, हरलेलेही. स्विमर आणि धावपटूंना व्हिडिओ फारसा लागत नाही, घड्याळ पुरतं.

एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरचं काय?

खेळाडू खेळायला पात्र आहे का हे एनसीएएचं हे केंद्र ठरवतं. डिव्हिजन वन आणि टूसाठी तिथे नोंदणी लागते. सोळा कोअर कोर्स (अभ्यासाचे मुख्य विषय) हवेत: डिव्हिजन वनला इंग्रजी ४, गणित ३, विज्ञान २, या तिघांपैकी आणखी १, सामाजिक शास्त्रं २, आणि इतर ४. या सोळांत जीपीए डिव्हिजन वनसाठी किमान २.३ आणि टूसाठी २.२. डिव्हिजन वनचा एक नियम आपल्या मुलांना क्वचित अडवतो पण माहीत हवा: बारावी सुरू होण्यापूर्वी १० कोअर कोर्स पूर्ण पाहिजेत, त्यातले ७ इंग्रजी, गणित, विज्ञानातले. त्यांचे मार्क नंतर परीक्षा परत देऊन सुधारता येत नाहीत. सॅट किंवा ॲक्ट ही प्रवेश परीक्षा एनसीएएला २०२३ पासून लागत नाही. कॉलेजला लागू शकते.

मराठी घरांत हा उंबरठा ओलांडणं हा मुद्दाच नसतो. मुद्दा असतो पुढचा.

मार्क उत्तम आहेत, खेळ बरा आहे. आयव्ही किंवा एमआयटीला खेळाचा उपयोग होतो का?

होतो, पण प्रत्येक ठिकाणी वेगळा.

आयव्ही लीगच्या कोचांना ॲडमिशन ऑफिसकडे ठरावीक संख्येने नावं पुढे करता येतात. मुलांच्या अभ्यासाची ॲकॅडेमिक इंडेक्स नावाची मोजणी होते आणि टीमची सरासरी सांभाळावी लागते. त्यामुळे उत्तम मार्कांचा खेळाडू कोचला दुहेरी उपयोगाचा असतो: त्याच्यामुळे तो एखादा कमी मार्कांचा पण भारी खेळाडू घेऊ शकतो. बारावी सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात, १ जुलैनंतर, कोच ट्रान्सक्रिप्ट ॲडमिशनकडे पाठवून 'प्री-रीड', म्हणजे प्रवेशाचा आगाऊ अंदाज, करून घेतात. सगळं जमलं तर ऑक्टोबरपासून 'लाइकली लेटर' येऊ शकतं. ते पत्र आलं की ॲडमिशन जवळजवळ पक्की, मार्क ढासळले नाहीत आणि गैरवर्तन झालं नाही तर.

विल्यम्स, ॲमहर्स्ट, मिडलबरी ज्या लीगमध्ये आहेत त्या नेस्कॅकमध्येही प्री-रीड असतं. कोच होकार मिळवून देतो आणि बदल्यात मुलाने अर्ली डिसिजनने अर्ज करायचा असतो. तो अर्ज बांधून टाकणारा असतो, प्रवेश मिळाला की तिथेच जायचं, म्हणून पैशांचा हिशेब आधी करा. कॉलेजच्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो. तो भरा आणि फायनान्शियल एड ऑफिसकडून अंदाज मागा. नोव्हेंबरात अर्ज गेल्यावर हिशेब करत बसणं उपयोगाचं नाही.

एमआयटी आणि कॅलटेकमध्ये कोचला राखीव जागा नसतात. तो तुमच्या मुलाबद्दल चांगलं लिहू शकतो, एवढंच. तिथला कोच "तुला पाठिंबा देईन" म्हणाला तरी अर्ज बाकीच्यांसारखाच जातो, आणि इतर दहा-बारा कॉलेजांचे अर्ज तयार हवेत.

ऑफिशियल व्हिजिटमध्ये काय बघायचं?

मुलाचा खर्च कॉलेज करतं. २०२३ पासून डिव्हिजन वनमध्ये व्हिजिटच्या एकूण संख्येवरची जुनी मर्यादा उठली. आईबाबांचं किती भागवणार हे आधी विचारून घ्या.

मुलगा टीमबरोबर रात्र काढतो. त्या वेळी तुम्ही हॉटेलात राहा. परत आल्यावर त्याला विचारा की कोच खोलीत नसताना मुलं त्याच्याबद्दल काय बोलतात, किती जण गेल्या दोन वर्षांत टीम सोडून गेले, जखमी मुलांना कसं वागवतात, जेवायला कुठे नेलं. शाकाहारी घरातल्या मुलांनी टीमच्या जेवणात काय असतं ते बघून यावं. वर्षाला तीस-चाळीस वेळा ते जेवण खायचंय.

तुम्ही कोचला विचारायचे प्रश्न पैसे, विमा आणि अभ्यासाचे. खेळवणार कुठल्या नंबरवर, हे विचारायचा अधिकार मुलाचा.

कोचने 'कमिट कर' म्हटलं, मुलाने हो म्हटलं. आता पक्कं ना?

तोंडी कमिटमेंट कोणालाच बांधत नाही, कॉलेजला नाही आणि मुलालाही नाही. इन्स्टाग्रामवर लोगो टाकून पोस्ट केल्याने कायदेशीर काही होत नाही, तरी मुलं ती टाकतात आणि आजीला पुण्यात फोन जातो. जाऊ द्या.

लेखी ऑफर डिव्हिजन वनमध्ये बारावीच्या १ ऑगस्टपासून येऊ शकते. बहुतेक खेळांत सह्या नोव्हेंबरात होतात. अनेक वर्षं चाललेलं नॅशनल लेटर ऑफ इंटेंट (खेळाडूला कॉलेजशी बांधून टाकणारं पत्र) ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द झालं, आता सही होते ती आर्थिक मदतीच्या करारावर. तो करार पूर्ण वाचा: एका वर्षाचा की चार वर्षांचा, कुठल्या कारणाने रद्द होतो, उन्हाळी सत्राचे पैसे आहेत का, पाचव्या वर्षाचे आहेत का. शंका असेल तर वकिलाला शंभर-दोनशे डॉलर द्या.

खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आल्याने आमच्या मुलाला काय फरक पडतो?

मोठा फरक. ज्या टीम पूर्वी स्कॉलरशिपशिवाय येणाऱ्या वॉक-ऑन मुलांना भरपूर घ्यायच्या, त्यांनी ती दारं लावली. स्विमिंग आणि ट्रॅकमध्ये "टीममध्ये बसू तरी" म्हणून जाणाऱ्यांना याचा पहिला फटका बसला.

दुसरीकडे ट्रान्सफर पोर्टल आहे, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी. २०२४ पासून खेळाडू अभ्यासात पात्र असेल तर कितीही वेळा कॉलेज बदलून लगेच खेळू शकतो. कोचला एकवीस वर्षांचा, कॉलेजात तयार झालेला खेळाडू मिळत असेल तर तो सतरा वर्षांच्या मुलावर कमी विसंबतो. म्हणून कोचला विचारा: गेल्या वर्षी नवीन आलेल्यांपैकी किती हायस्कूलमधून आले आणि किती पोर्टलमधून?

कोचही बदलतात. मुलाला विचारा, उद्या हा कोच गेला आणि पायही मोडला, तर तू याच कॉलेजात राहशील? उत्तर अडखळलं तर कॉलेजची यादी पुन्हा काढा.

इंजिनिअरिंग किंवा प्री-मेड करता येतं का?

येतं, पण त्याच कॉलेजात तोच विषय करणाऱ्या त्याच टीममधल्या मुलाशी बोलल्याशिवाय मानू नका. नियमाने हंगामात आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, पण सामन्याचा अख्खा दिवस त्यात ३ तास म्हणून धरतात आणि प्रवास मोजतच नाहीत. खेळाडू स्वतः सांगतात तेव्हा आकडा तीसच्या पुढे जातो. दुपारच्या लॅब आणि दुपारची प्रॅक्टिस एकमेकांवर आदळतात. टीममध्ये एकही इंजिनिअरिंगचा मुलगा नसेल तर त्याचं कारण विचारा.

आम्ही एच-४ वर आहोत. काय वेगळं?

एच-४ म्हणजे एच-१बीवर काम करणाऱ्याच्या कुटुंबाचा व्हिसा. वेगळं बरंच आहे, आणि अमेरिकन कोचला याची काही कल्पना नसते. मुलाला खेळाची स्कॉलरशिप घेता येते, ती नोकरी धरली जात नाही. फेडरल मदत मिळत नाही. २१ व्या वर्षी मूल एच-४ मधून बाहेर पडतं, त्यामुळे कॉलेजच्या मध्यावरच एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) जायची तयारी ठेवावी लागते. ग्रीन कार्डच्या रांगेत अडकलेल्यांना हे सांगायला नको.

जास्त धोका आहे तो एनआयएलमध्ये, म्हणजे स्वतःचं नाव आणि चेहरा वापरून जाहिरातींतून मिळणाऱ्या पैशात, जे खेळाडूंना १ जुलै २०२१ पासून घेता येतात. कामाची परवानगी नसलेल्या एच-४ वरच्या मुलाने आणि एफ-१ वरच्या मुलाने अमेरिकेत अशी कमाई केली तर व्हिसा धोक्यात येऊ शकतो. कॉलेजकडून थेट मिळणाऱ्या नव्या पैशांबद्दलही हीच काळजी. टीममधला मित्र शूजच्या पोस्टचे पाचशे डॉलर घेतो म्हणून आपल्या मुलाने घेऊ नयेत. आधी इमिग्रेशन वकील, मग पोस्ट.

पुण्या-मुंबईतून थेट जमेल का?

टेनिस, स्क्वॉश, गोल्फ, स्विमिंग यांत जमतं. टेनिसमध्ये डिव्हिजन वनच्या टीम परदेशी मुलांनी भरलेल्या असतात. सोमदेव देववर्मन युनिव्हर्सिटी ऑफ व्हर्जिनियाकडून खेळत २००७ आणि २००८ मध्ये एनसीएएचा एकेरीचा विजेता झाला होता. स्क्वॉश एनसीएएकडे नाही, त्याची वेगळी कॉलेज स्क्वॉश असोसिएशन आहे. कनेक्टिकटमधल्या ट्रिनिटी कॉलेजने १९९८ ते २०१२ या काळात सलग २५२ सामने जिंकले, आणि त्या टीममध्ये मुंबईचे माणेक माथुर आणि विक्रम मल्होत्रा यांच्यासारखे खेळाडू होते. ट्रिनिटी, बरं का, डिव्हिजन थ्रीमधलं कॉलेज आहे.

भारतातल्यांसाठी सापळा आहे तो 'ड्रॉप'चा. बारावीनंतर एक वर्ष फक्त खेळायचं, रँकिंग वाढवायचं आणि मग जायचं, हा बेत सुचतो. पण हायस्कूल संपल्यावर स्पर्धा खेळत राहिल्यास कॉलेजातला हंगाम गमवावा लागू शकतो, आणि टेनिसची मुदत इतर खेळांहून कडक आहे. कोअर कोर्सचं घड्याळही नववीपासून चालू होतं. एलिजिबिलिटी सेंटरला नववीपासूनच्या मार्कशीट लागतात, तेव्हा नववीची मार्कशीट शाळेकडून आत्ताच शिक्का मारून घ्या. बक्षिसाची रक्कम स्वीकारण्याआधीही नियम बघा.

पैशांचं गणित बसत नसेल तर परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न बघता प्रवेश देणारी आणि गरजेइतकी मदत करणारी थोडी कॉलेजं आहेत, उदाहरणार्थ हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट. दारं अरुंद आहेत, पण भारतातल्या पालकाला डिव्हिजन वनच्या ४० टक्के स्कॉलरशिपपेक्षा ही मदत जास्त स्वस्तात पडू शकते.

क्रिकेटवर होतं का काही?

नाही. एनसीएएत क्रिकेट नाही. पेनसिल्व्हेनियातल्या हॅवरफर्ड कॉलेजात व्हर्सिटी (कॉलेजची अधिकृत) क्रिकेट टीम आहे, बाकी सगळीकडे विद्यार्थ्यांनी चालवलेले क्लब. मुंबईचा सौरभ नेत्रावळकर कॉर्नेलला गेला तो कॉम्प्युटर सायन्सच्या मास्टर्ससाठी, आणि २०२४ च्या टी-२० वर्ल्ड कपमध्ये पाकिस्तानविरुद्ध अमेरिकेची सुपर ओव्हर त्याने टाकली, पण त्याच्या प्रवेशाचा क्रिकेटशी संबंध नव्हता. बॅडमिंटनचंही तेच, क्लब. अर्जात मात्र दोन्ही जरूर लिहा. मुलींची कुस्ती २०२५ मध्ये एनसीएएचा अजिंक्यपदाचा खेळ म्हणून मंजूर झाली, तिच्याकडे लक्ष ठेवण्यासारखं आहे.

सगळं करून एकही ऑफर आली नाही तर?

बारावीच्या मार्च-एप्रिलमध्येही डिव्हिजन थ्री आणि एनएआयएच्या टीममध्ये जागा असतात, कारण कोणीतरी शेवटच्या क्षणी दुसरीकडे जातं. ज्या कॉलेजात ॲडमिशन मिळाली आहे तिथल्या कोचला त्याच आठवड्यात ईमेल करा. तेही जमलं नाही तर क्लब टीम आहे: स्पर्धा होतात, प्रवास होतो, प्रॅक्टिस संध्याकाळी असते आणि लॅब बुडत नाही.

स्कॉलरशिपवर टॅक्स लागतो का?

ट्यूशन, सक्तीची फी आणि लागणारी पुस्तकं यांच्यासाठीच्या भागावर नाही. राहण्या-जेवणासाठीच्या भागावर लागू शकतो. कॉलेज जानेवारीच्या शेवटी १०९८-टी फॉर्म देतं. तो सीएला नुसता फॉरवर्ड करू नका, त्यातला कुठला आकडा राहण्या-जेवणाचा ते कॉलेजच्या बिलांवरून काढून सोबत द्या.